सहा पूर्ण दिवस

इनासमामा गेल्याचं मला आमच्या शाळेच्या शिपायाने वर्गाच्या दारात उभं राहून सांगितलं. मी तेव्हा फळ्यावर व्यवहारी अपूर्णांक मांडत होते. "बाई, कारकूनमामा गेले सकाळी," एवढं म्हणून तो तिथेच थांबला. मी काहीतरी विचारीन, निदान हातातला खडू खाली ठेवीन अशी त्याची अपेक्षा असावी. मी खडू ठेवला नाही. छेद सारखे करून घेतले, बेरीज पुरी केली, मुलांना पाच उदाहरणं घातली आणि घंटा होईपर्यंत खुर्चीवर बसून राहिले. साडेपाच वर्षं मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. आमची घरं एका कुंपणाची, शाळा एक, त्यांची खोली माझ्या वर्गाला लागून... आणि तरी साडेपाच वर्षं. गावात अबोले पुष्कळ असतात, विहिरीवरून असतात, बांधावरून असतात, पण ते दोन्ही बाजूंनी असतात. आमचा अबोला माझ्या एकटीचा होता. ते रोज सकाळी कुंपणापलीकडून "शालूबाय, निघालीस?" म्हणून विचारत, आणि मी मान खाली घालून निघालेली असे.

इनासमामा आमच्या शाळेच्या व्यवस्थापक समितीचे कारकून होते. शाळेचे नव्हे, समितीचे. हा फरक ते फार जपत. शाळेच्या कारकुनाकडे हजेरीपट आणि दाखले, यांच्याकडे सभा. सभेची तारीख ठरवायची, नोटीस काढायची, ती वहीत घालून एकेका सभासदाच्या घरी जायचं आणि सही घ्यायची, सभेत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कोण काय म्हणालं ते टिपायचं, आणि मग त्या सगळ्या गलबल्यातून एक सरळ प्रोसिडिंग लिहायचं. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय मोठंसं? मलाही तसंच वाटे. पण आमच्या बाजूची सात माणसं एका खोलीत एका वेळी आणून बसवणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. वाडीवाल्यांना केळी भरायचा दिवस चालत नाही, ख्रिस्ती सभासदांचे मिस्सा आणि सण, हिंदूंच्या चतुर्थ्या-एकादश्या, वकीलसाहेबांची ठाण्याची कोर्टं... आणि अर्नाळ्याचे सभासद हिराजी तांडेल, ते तर पाण्याचे ताबेदार. पुनवेला आणि अवसेला उधाण असलं की होड्या बाहेर. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे दिवस आले, पाण्याचा जोर मोडला, म्हणजे हिराजी जमिनीवर. ते इनासमामांना सांगत, "येईन मी, पन पान्याला इचारून तारीख दे." म्हणून मामांच्या टेबलाशी एका खिळ्याला चर्चचं कॅलेंडर आणि दुसऱ्या खिळ्याला पंचांग टांगलेलं असे. ख्रिस्ती माणूस, पण तिथी त्यांना आमच्या भटजींपेक्षा चोख सांगता येत. आमचे चेअरमन आप्पासाहेब थट्टेने म्हणायचे, "शाळेचा कारभार चंद्र पाहतो आणि इनास पाहतो, आम्ही सह्यांचे धनी."

सभेत मात्र मामा बोलत नसत. कारकुनाने लिहायचं, बोलायचं नाही, असा कुठे नियम नव्हता. त्यांनीच तो स्वतःला घालून घेतला होता. सभासद एखाद्या विषयावर हमरीतुमरीवर आले, आणि त्याच विषयाचा ठराव तीन वर्षांपूर्वी झालेला असला, की मामा उठत, जुनी वही काढत, नेमकं पान उघडून ती टेबलावर आप्पासाहेबांपुढे सरकवत आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसत. पानांत खुणेला माडाच्या झापाची काडी, हीर, घातलेली असे. लढाईच्या दिवसांत कागद मिळेना, तेव्हा त्यांनी दोन वर्षांची प्रोसिडिंगं मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एकाच वहीत बसवली. पण एकही नाव गाळलं नाही आणि कुणाचा विरोध असेल तर तोही गाळला नाही. ती वही मी पाहिली आहे. वाचायला भिंग लागतं.

मला नोकरी लागली ती त्यांच्यामुळे, हेही इथेच सांगते. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागेची गोष्ट. मी ट्रेनिंग करून घरी बसले होते. मास्तरीण म्हणून बाई नेमायची की नाही यावर समितीत दोन सभा नुसता काथ्याकूट झाला होता. तिसऱ्या सभेच्या दिवशी मामा कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "शालूबाय, अर्ज दे. आज तिघं घरी ऱ्हानार, चौघं येनार, ते चौघं व्हय म्हननारे हायत." मी म्हटलं, "मामा, ही तर लबाडी झाली." तर हसले. "तारीख मी ठरवतो, बाय. कोन येनार ते देव ठरवतो." एवढी एकच लबाडी ते करत, आणि नोटीस मात्र सातही जणांना वेळेवर पोचलेली असे. त्याबद्दल कुणी बोट दाखवून दाखवावं.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती टाळण्यासाठीच इतका वेळ इकडचं तिकडचं सांगते आहे, हे माझं मलाच कळतंय.

अर्नाळ्याला तेव्हा चौथीपर्यंतच शाळा. पुढे शिकायचं तर आमच्या गावी यायचं, म्हणजे चार मैल चालायचं, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून. मुलगे थोडेफार येत. मुली येत नसत. दरवर्षी समितीपुढे ठेवायचा तक्ता मामाच करत. कोणत्या गावची किती मुलं, किती मुली. एकदा त्यांनी मला बोलावून जुन्या तक्त्यांची सगळी पानं एकाखाली एक मांडून दाखवली. अर्नाळा, मुली, पाचवी, आणि पुढे आडवी रेघ. दरवर्षी तीच रेघ. "बाय, ही रेघ मी आखतो," ते म्हणाले. "बारा वर्सं मीच आखतोय." त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी आयुष्यात कशाचा ध्यास घेतला असेल तर तो एवढाच, की अर्नाळ्यात पाचवी ते सातवी निघावी आणि त्या रेघेच्या जागी एखादा आकडा पडावा. मी दर शनिवारी दुपारी तिथल्या चौथीच्या मुलींना शिकवायला जात असे. त्या साली नऊ मुली होत्या. त्यांत अर्नाळ्यासमोरच्या बेटावरची, किल्ल्यातल्या वस्तीतली एक मथुरा. एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. दुसऱ्यांदा सांगितलं तर रुसायची.

हिराजी तांडेलांनी जाळी ठेवायच्या आपल्या दोन खोल्या वर्गासाठी देऊ केल्या. मंजुरीसाठी वरच्या ऑफिसात अर्ज ठरल्या मुदतीच्या आत गेला पाहिजे, आणि अर्जाला समितीचा ठराव जोडलेला पाहिजे. तोही नुसता झालेला नव्हे, पुढच्या सभेत वाचून कायम केलेला. मामांनी बोटांवर गणित केलं. मार्गशीर्षातल्या वद्य अष्टमीला एक सभा, पंधरवड्याने पुढच्या भांगात दुसरी, आणि अर्ज मुदतीच्या सहा दिवस आधी रवाना. चौघं बाजूचे होते: आप्पासाहेब, हिराजी आणि दोघे वाडीवाले. तिघं विरोधात, आणि त्यांचे पुढारी वकीलसाहेब. वकीलसाहेब वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं, मुली येणार नाहीत, वर्ग ओस पडेल आणि त्या ओस वर्गापायी इथल्या शाळेच्या मान्यतेला धक्का लागेल. चार विरुद्ध तीन. त्या चारांतला एक म्हणजे हिराजी, म्हणून सभा भांगातच व्हायला हवी होती.

आमच्या समितीचा नियम असा: नोटीस सात पूर्ण दिवस आधी पोचली पाहिजे. नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा धरायचा नाही, मधले सात मोजायचे. सभा रविवारची, म्हणजे आदल्या आठवड्याच्या शनिवारी सातही सह्या व्हायला हव्यात. चौघांच्या सह्या शुक्रवारी झाल्या, आप्पासाहेबांची शनिवारी सकाळी सातला. राहिले दोघं. हिराजी दुपारच्या पाण्याला बेटावरून बाहेर जाणार, म्हणून आधी बेटावर जायचं. वकीलसाहेब ठाण्याहून दुपारी वसईला परतणार, म्हणून त्यांच्याकडे मग. मामांचं सगळं चोख ठरलेलं होतं. मी रजा टाकली आणि म्हटलं, मीही येते, मुलींना सांगते. मामा म्हणाले, "अजून ठराव झाला नाय, बाय." मी म्हटलं, झाल्यासारखाच आहे.

हिराजी होडीत पाय टाकता टाकता सापडले. अंगठ्याला शाई लागेल म्हणून नाही, तर आपल्याला लिहिता येतं ते चारचौघांत दिसावं म्हणून त्यांनी ठळक सही केली आणि निघून गेले. मामा लगेच परत फिरायला तयार. आम्हांला आणणारी होडीही उभी होती. पण मथुरेची आई आली, मग दुसरीची आली, तांदळाची भाकर आणि बोंबलाचं कालवण पुढे आलं, आणि मी माझ्या पिशवीतून प्रवेशाचे कोरे फॉर्म काढले. मी येणार हे कळून किनाऱ्यावरच्या मुलीही आयांबरोबर होडीने आल्या होत्या, नऊच्या नऊ तिथे जमल्या होत्या. म्हटलं, आजच भरून टाकू! मामा म्हणाले, "बाय, पानी जाईल." मी म्हटलं, दहा मिनिटं, मामा. आणि बसले.

फॉर्मवर जन्मतारीख लागते. कोळणींना लेकीची जन्मतारीख कोणती सांगता येणार? "नारली पुनवेच्या दुसऱ्या दिसाला झाली." "मोठ्या वादलाच्या साली, होली पेटली ना, त्या राती." मग कोणतं वादळ, त्यावर तिघींचं भांडण. आणि ह्या तिथीची तारीख काढणार कोण? मामा! त्यांनी डोळे मिटून, बोटं मोडत, मागची सालं एकेक उलगडत नऊ मुलींच्या नऊ तारखा काढून दिल्या. मथुरेची तारीख काढायला सगळ्यांत वेळ लागला, कारण तिचं साल अधिक महिन्याचं होतं. ते मधून मधून दाराबाहेर बघत होते. मी एकदाही बघितलं नाही. शेवटचा फॉर्म पुरा झाला तेव्हा बाहेर आलो, तर पाणी कधीच मागे हटलं होतं आणि होडी वाळूत कलंडून बसली होती. उधाणाची ओहोटी, ती काय थांबते? दिवेलागण उलटून गेल्यावर पाणी चढलं, तेव्हा आम्ही सुटलो. वसईला जायची वेळ निघून गेली होती. उतरताना मामा मला हात देऊन एवढंच म्हणाले, "सांभाळून, शेवाळ हाय."

रविवारी मिस्सा आटोपून ते वकीलसाहेबांकडे गेले. वकीलसाहेबांना सहीखाली तारीख घालायची सवय. त्यांनी ती घातली. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. रविवार ते रविवार, आपण सगळे त्याला आठ दिवसच म्हणतो.

सभा झाली. मी शेजारच्या वर्गात वह्या तपासायचं निमित्त करून बसले होते. मधे नुसता कुड होता, सगळं ऐकू येत होतं. दीड तास वाद झाला. वकीलसाहेब चांगले बोलले, खोटं कशाला सांगू. मग मतं घेतली, चार विरुद्ध तीन, आणि हिराजींनी दर्याकाठच्या माणसाच्या गळ्याने "झाला रे झाला!" म्हणून अशी आरोळी दिली की वडावरचे पक्षी उडाले. मी कुडाच्या अलीकडे तोंडाला पदर लावून रडले. आनंदाने रडायची ती माझी शेवटची वेळ.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी त्यांच्या खोलीत गेले. प्रोसिडिंग लिहून तयार होतं. प्रत्येक प्रोसिडिंगचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: सभेची नोटीस सात पूर्ण दिवस अगोदर सर्व सभासदांस पोचली. इतकं ठरलेलं, की वाचताना ते कुणाच्या कानात शिरतही नसे. मामांनी या वेळी लिहिलं होतं: सभेची नोटीस सहा सभासदांस सात पूर्ण दिवस व एका सभासदास सहा पूर्ण दिवस अगोदर पोचली. मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा वही तशीच त्यांच्यापुढे धरली.

"मामा, हे काय लिहिलंत?"

"झालं ते लिवलं."

"पण वकीलसाहेबांच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही!"

"माझ्या आलंय ना, बाय."

मी काय काय म्हणाले ते सगळं इथे लिहीत नाही. विनवलं, पाया पडते म्हटलं, एका आकड्याने आभाळ कोसळणार आहे का म्हटलं. नऊ मुलींच्या जन्मतारखा तुम्ही अंदाजाने काढल्यात, त्या खऱ्या होत्या का, असंही विचारलं. त्यावर त्यांनी मान खाली घातली. "त्या तारखा माज्या हातून चुकल्या असतील," ते म्हणाले, "पन मला ठावं नव्हतं त्या खोट्या हायत म्हनून. हे मला ठावं हाय." मग दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिले. मला दया आली नाही. मी शेवटी जे बोलले ते हे: "तुम्हांला मूलबाळ नाही, म्हणून तुम्हांला असं लिहिता येतं." बोलून दार लोटून निघून आले. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेच नाही.

वाचकांच्या लक्षात आलं असेल, की ती ओहोटी मी घालवली होती. मामा "पानी जाईल" म्हणाले होते. त्या दिवशी त्यांच्या खोलीत, किंवा नंतर कधीही, त्यांनी हे माझ्या तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते, रडले असते आणि कदाचित आमचं पुन्हा बोलणंही सुरू झालं असतं. उशिराचं कारण त्यांनी प्रोसिडिंगात लिहिलं नाही, आप्पासाहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं नाही. "मला उशीर झाला," एवढंच.

पंधरवड्याने सभा भरली. मामा वाचायला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य त्यांनी इतर वाक्यांपेक्षा हळू वाचलं. कुडाअलीकडून मला वाटलं, जाईल, अजूनही निसटून जाईल... तेवढ्यात वकीलसाहेब म्हणाले, "पुन्हा वाचा." मामांनी पुन्हा वाचलं. मग पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. सभाच बेकायदा, तर ठराव कसला? आप्पासाहेबांनी हात जोडून विचारलं, "वकीलसाहेब, तुम्ही स्वतः हजर होतात, बोललात, मत दिलंत. तुमची हरकत नाही असं एका ओळीत द्या, म्हणजे मिटलं." वकीलसाहेब म्हणाले, "मी का द्यावं? वर्ग निघू नये असंच माझं मत आहे." खरंच होतं ते. नवी सभा घ्यायची तर सात पूर्ण दिवस हवेत, आणि मुदतीला उरले होते सहा. हिराजी ओरडले, "इनास, तुला कुनी इचारलं होतं? कुनी इचारलं होतं रे?" मामांनी ते वाक्यही प्रोसिडिंगात घेतलं.

पुढल्या उन्हाळ्यात समितीची मुदत संपली. नव्या निवडीत हिराजी आले नाहीत, दोघा वाडीवाल्यांतला एक आला नाही. मामांनी विषयपत्रिकेवर अर्नाळ्याचा विषय पुन्हा घातला. पुढच्या वर्षीही घातला. दोन्ही वेळा तो पडला: पाच विरुद्ध दोन, मग सहा विरुद्ध एक. मग आप्पासाहेबांनीच सांगितलं की इनास, आता पुरे. हिराजींच्या खोल्यांत पुन्हा जाळी गेली. नऊ फॉर्म माझ्याच पेटीत पडून राहिले. तक्त्यातली रेघ मामा आखत राहिले. मोतीबिंदूंनी दृष्टी अधू झाली तरी पट्टी धरून आखत.

माझं वागणं कसं होतं, तेही सांगून टाकते. त्या साली नाताळला मामींनी नेहमीप्रमाणे फराळाचं ताट आमच्या घरी पाठवलं. आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ताट धुऊन, पुसून, रिकामं परत पाठवलं. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्या नाताळला ताट पुन्हा आलं. मी पुन्हा रिकामं पाठवलं. सहाही नाताळांना. त्यांना थांबता येत नव्हतं आणि मलाही.

आणि मथुरा. यंदा पावसाळ्याआधी मी बाजारात मासळी घ्यायला थांबले, तर टोपलीमागून कुणी "बाई!" म्हणून हाक मारली. सोळा-सतरा वर्षांची बाई, कडेवर मूल. मी ओळखलं नाही, ती ओळखून हसली. सुकट मोजून दिली आणि कमरेचा कागद काढून माझ्यापुढे धरला. नवरा बोटीवर खलाशी गेला होता, त्याने कुणाकडून तरी लिहून घेऊन पाठवलेलं पत्र. "वाचा ना, बाई." मी म्हटलं, "अगं, तू वाच की! तुला येतं!" तिने मान हलवली. "नाय येत आता. अक्षरं गेली." चौथीत पहिली आलेली मुलगी. मी भर बाजारात उभी राहून तिच्या नवऱ्याचं पत्र तिला वाचून दाखवलं, तो खुशाल होता. मग ती म्हणाली, "बाई, तो वर्ग उघडला का हो नंतर?" माझ्या फॉर्मवर तिची जन्मतारीख लिहिलेली आहे. तिला ती माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी कुंपणापर्यंत गेले होते. मामा ओट्यावर बसले होते, खोकत होते. मला सांगायचं होतं, मथुरा भेटली. मग वाटलं, सांगून काय करायचं? त्यांना तरी का जाळायचं? खरं म्हणजे मला तोंड नव्हतं, बाकी सगळी सबब. मी परत फिरले. पुढे तीन महिन्यांत ते गेले.

मयतीला मी गेले, पण कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी राहिले. आठवड्याने मामींना भेटायला गेले. मामी पडवीत बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "मामी, मामा माझ्याविषयी कधी काही बोलायचे?" माझी काय अपेक्षा होती, देव जाणे. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मामी म्हणाल्या, "नाय गो बाय. चांगलं नाय, वायट नाय. तुझं नावच काडत नव्हता तो घरात." बेटावरचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. चहा घेतला आणि उठले.

गेल्या शनिवारी समितीची दुखवट्याची सभा झाली. मी आता शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून समितीवर आहे, आप्पासाहेब थकले म्हणून चेअरमन वकीलसाहेब आहेत. नवा कारकून चलाख आहे, मॅट्रिक झालेला. त्याने नोटीस मला गुरुवारी दिली. शनिवारी सभा, गुरुवारी नोटीस. वकीलसाहेबांनी ठराव वाचला: समितीचे निष्ठावंत कारकून, त्यांच्या चोख कामाचा आदर्श, आत्म्यास शांती. दोन मिनिटं सगळे उभे राहिलो. मग सह्यांसाठी वही फिरत माझ्यापुढे आली. ठराविक वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून नव्या कारकुनाने रबरी शिक्का करून आणला आहे. पानाच्या डोक्यावर जांभळ्या शाईत उमटलं होतं: सभेची नोटीस सात पूर्ण दिवस अगोदर सर्व सभासदांस पोचली. त्याखाली दुखवट्याच्या ठरावात मामांचं नाव.

मी पेन हातात घेऊन थांबले. थोडी जास्तच थांबले असेन, कारण वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काही म्हणायचंय का, बाई?"

साडेपाच वर्षांपूर्वी मी मामांकडे हेच तर मागितलं होतं.

"नाही," मी म्हटलं, आणि सही केली.